चाकांवरची पडवी

दसरा उलटला की आशागडच्या आमच्या घरामागून एक वास यायला लागतो. पिकलेल्या भाताचा, तापलेल्या पेंढ्याचा आणि कुठेतरी नुकत्याच कापलेल्या गवताचा. दुपारी ऊन असं पडतं की चिकूच्या झाडाखालचा कुत्राही जागा बदलून बदलून झोपतो, आणि सकाळी मात्र ओट्यावरच्या खुर्चीला दव असतं. या दिवसांना कोणी उन्हाळा म्हणत नाही, हिवाळाही म्हणत नाही. आमच्याकडे म्हणतात, कापणीचे दिवस.

या वर्षीही तो वास आला आणि माझी थोरली बहीण, कुंदाताई, पदर खोचून गाडीच्या शिडीवर चढली. वय साठीच्या पुढे. एका हातात फडकं, दुसऱ्या हातात पाना. वरच्या कॅरिअरचे नट ती एकेक करून आवळत होती आणि मी खाली ओट्यावर बसून चहा पीत सूचना देत होतो. आमच्या घरातली कामाची वाटणी पूर्वीपासून अशीच आहे.

"ताई, उजवीकडचा राहिला."

"दिसतोय मला. तू बिस्किट खा."

तिला तसं वर चढलेलं पाहिलं की मला ते पहिलं वर्ष आठवतं. गाडी आली, गाडीला एकेक अवयव फुटत गेला आणि शेवटी आम्ही ती घेऊन सायवनच्या पलीकडे गेलो, तो कापणीचा हंगाम.

ताईने जन्मभर नर्सची नोकरी केली, तीही डहाणूच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागात. लग्न केलं नाही. सरकारी क्वार्टरमध्ये राहिली, बदली झाली की दुसऱ्या क्वार्टरमध्ये गेली. एकाचं छप्पर गळायचं, दुसऱ्याला दारच धड नव्हतं, पण तक्रार म्हणून कधी ऐकली नाही. निवृत्त झाल्यावर ती आमच्याकडे आली. विहिरीकडची खोली आम्ही तिला दिली. माझी बायको सुनंदा आणि ती यांचं माझ्यापेक्षा चांगलं जमतं. तरीही कॅलेंडर लावायचं झालं की ताई स्वयंपाकघरात येऊन विचारायची, "सुनंदा, इथे एक खिळा मारू का गं?"

सुनंदाला त्याचा राग यायचा. एकदा तिने सरळच विचारलं, "ताई, इथे तुम्हाला काय कमी आहे?"

"कमी काहीच नाही गं," ताई म्हणाली. "पण जे येतात ते तुमच्याकडे येतात. माझ्याकडे असं कोणी येत नाही. येतील कुठे?"

पुढच्याच महिन्यात अंगणात ही गाडी येऊन उभी राहिली.

कुठल्याशा सर्व्हे कंपनीने काढून टाकलेली, उंच चाकांची, चारही चाकांना जोर असलेली जुनी व्हॅन. रंग मळकट पांढरा. मी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हटलं, "ताई, लोक निवृत्तीनंतर चारधामला जातात."

"जाऊ देत की. मी घर करतेय."

नातेवाइकांत हे पसरायला वेळ लागला नाही. बाई आणि गाडीत राहणार? गाडीला कधी घर म्हणतात का? वसईच्या मामेबहिणीने तर मला बाजूला घेऊन, ताईची तब्येत बरी आहे ना, असं हळूच विचारलं. ताईने कोणाला उत्तर दिलं नाही. तिने ड्रिल मशीन आणलं आणि कोणालाही न विचारता गाडीच्या पत्र्याला भोकं पाडायला सुरुवात केली. एवढ्या आनंदाने भोकं पाडणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

आतलं काम सुताराने लवकर उरकलं. एक बाक, त्यावर गादी, खाली कपाट. एवढ्यावर तिचं समाधान झालं. खरा जीव तिने ओतला तो गाडीच्या बाहेरच्या अंगावर. मी म्हटलं, माणसं आतली सजावट करतात, तू उलटी निघालीस. तर म्हणाली, "आत झोपायला कितीशी जागा लागते? माणूस बसतो बाहेरच."

वेवजीच्या भंगारवाल्याकडे तिला एका जुन्या जीपचं कॅरिअर सापडलं. ते घेऊन आम्ही तलासरीला भिखूभाईच्या वेल्डिंगच्या दुकानात गेलो. भिखूभाई गुजरातीत विचार करतो, मराठीत बोलतो आणि मध्ये अडकला की हिंदी लावतो. ताईने त्याच्या दुकानातल्या फरशीवर खडूने गाडी काढली, गाडीवर कॅरिअर काढलं, मागे शिडी काढली, बाजूला खाली पडणारी फळी काढली.

"कुंदाबेन, हे तुमी गाडी बनवते का बंगला?"

"बंगला. पण हलला पाहिजे."

"मजबूत तो करी आपू, बेन, करून देते. पण वजन वाढेल हां." मग मान तिरकी करून त्याने पुन्हा ते चित्र बघितलं. दुपारच्या जेवणाला घरी गेलाच नाही. ठिणग्या उडत होत्या, बाहेर हायवेवरून कंटेनर धडधडत होते आणि ताई काळा चष्मा लावून त्याच्या शेजारी उकिडवी बसून प्रत्येक जोड बघत होती. शिडीची पहिली पायरी त्याने नेहमीच्या उंचीवर लावली, तर ताईने ती काढून खाली घ्यायला लावली. म्हणाली, "माझ्याकडे येणाऱ्या बायका लुगड्यात असतात." तोवर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं की तिने येणाऱ्यांची तयारी चालवलीय.

पाण्याची टाकी म्हणजे ड्रेनेजचा जाड पाइप. दोन्ही टोकांना टोपणं, एका टोकाला नळ, वरून काळा रंग, म्हणजे उन्हात पाणी आपोआप तापेल. पाइप कॅरिअरवर आडवा बांधला, भरला, आम्हा सगळ्यांना बोलावलं आणि थाटात नळ सोडला. दोन थेंब पडले. मी हसलो. ताईने थोडा वेळ पाइपकडे बघितलं आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "अरे, काचेच्या सलाइनच्या बाटलीला आम्ही हवेसाठी वेगळी सुई टोचायचो ना!" वरच्या बाजूला एक बारीक भोक पाडलं आणि धार सुरू झाली. त्या संध्याकाळी सुनंदाने त्या कोमट पाण्याने हौसेने पाय धुतले.

पण सगळ्यात बघण्यासारखं होतं ते बाजूचं छत. गाडीच्या अंगाला गुंडाळून ठेवायचं, थांबलं की उलगडायचं आणि दोन पाइपांवर उभं करायचं. वरून ताडपत्री, आतून रोपवाटिकेची हिरवी जाळी. शिवायला शिंपी तयार होईना, त्याच्या मशिनची सुई मोडत होती. ताईने दाभण घेतलं आणि ओट्यावर बसून हाताने शिवलं. एकेक टाका वेगळा, प्रत्येकाला स्वतंत्र गाठ. मी विचारलं, एवढा खटाटोप कशाला, सलग शिव ना. म्हणाली, "सलग शिवलं तर एक टाका उसवला की सगळे उसवतात. माणसालाही असेच घालतात." आमच्या आईचं शिवणकाम सुंदर होतं असं सगळे सांगतात. मला विचाराल तर ताईच्या त्या ताडपत्रीपुढे ते काहीच नाही.

डहाणूच्या किनाऱ्यावर तिने गाडीची परीक्षा घेतली. ओहोटीला मुद्दाम मऊ वाळूत घातली आणि गाडी शहाण्यासारखी रुतली. फिरायला आलेली पाच-सहा माणसं लगेच बाह्या सरसावून धावली. आपल्याकडे रुतलेली गाडी ढकलायला मिळणं म्हणजे पर्वणी. पण ताईने सगळ्यांना थांबवलं. "नको हो, तुम्ही ढकलाल आणि जाल. उद्या मी एकटी असेन. मला शिकू द्या." गाडीच्या बाजूला टांगलेल्या भोकाभोकांच्या दोन लोखंडी पट्ट्या तिने काढल्या, हाताने वाळू उकरली, चाकांपुढे पट्ट्या सरकवल्या आणि गाडी गुरगुरत वर आली. माणसांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या, आणि ही माझी बहीण आहे हे शेजारच्या अनोळखी माणसाला सांगूनही टाकलं.

आता इतकं सगळं नीट करणाऱ्या बाईने एक घोळ घातला, तो सांगायलाच हवा. आम्ही सायवनच्या वाटेला लागलो आणि कासा गाव ओलांडल्यावर चहासाठी रस्त्याच्या कडेला थांबलो. ताईने मोठ्या हौसेने छत उलगडलं, तर ते थेट डांबरी रस्त्यावर! समोरून येणारा टेम्पोवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला. झालं असं होतं की गाडी आमच्या अंगणात उभी असायची तेव्हा ओट्याकडे तिची उजवी बाजू असायची. ताई ओट्यावर बसून समोर दिसेल त्या बाजूचं माप घेत राहिली आणि छत ड्रायव्हरच्या बाजूला बसलं. गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला थांबणार, हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. सुनंदा इतकी हसली की तिच्या हातातला चहा सांडला.

"हसा," ताई छत गुंडाळत म्हणाली. "रस्त्यासाठी केलीय कोणी? गाडी शेतात उभी राहणार आहे."

आणि खरंच शेतात उभी राहिली. सायवनपासून पुढे डांबर संपतं, मग खडी, मग नुसत्या बैलगाडीच्या चाकोऱ्या. ओहळातून गाडी गेली तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. पलीकडे पाडा. मोजकी कुडाची घरं, भोवती भाताची आणि नाचणीची उतरती शेतं. याच पाड्यावर ताईने ऐन उमेदीची वर्षं घालवलेली. इथल्या अर्ध्या माणसांना पहिल्यांदा हातात धरलं ते तिनेच. लखमी धावत आली. तिची तिन्ही बाळंतपणं ताईने केलेली. आता त्या मुलांतल्या थोरलीचं लग्न झालंय.

"नर्सबाय, हे काय आणलंस?"

"घर आणलंय."

लखमी हसली नाही. तिने कापणी झालेलं एक खाचर दाखवलं, तिथे गाडी लावायला सांगितली. ताईने छत उलगडलं, पाइप रोवले, दोऱ्या ताणल्या. सोनेरी धसकटांवर एक चौकोनी सावली पडली. थोड्याच वेळात पाड्यातल्या बायका त्या सावलीत येऊन बसल्या, एवढ्या सहज, जणू ती सावली तिथे आधीपासूनच होती. पाड्यातला सगळ्यात म्हातारा माणूस जान्याबाबा काठी टेकत आला. गाडीभोवती हिंडला, छताचा पाइप हलवून बघितला.

"पडवी बरी हाय," तो म्हणाला. "चूल कठं?"

ताईने मोठ्या अभिमानाने बाजूची फळी खाली पाडली आणि तिच्यावरची गॅसची शेगडी दाखवली. जान्याबाबाने नाक मुरडलं. "ही नाय. चूल भुईवर पायजे." बांधावरचे तीन दगड त्याने लखमीकडून आणवले, छताच्या कडेशी स्वतः मांडले, पुन्हा एकदा सरळ केले आणि मग हां म्हणून निघून गेला. म्हाताऱ्या माणसांच्या नाना तऱ्हा, असं मी सुनंदाला म्हटलं.

ते दोन दिवस मला अजून जसेच्या तसे दिसतात. खळ्यावर भात झोडल्याचा धप धप आवाज सकाळपासून चालू. हवेत उडणारं तूस, अंगाला सुटणारी खाज. चपला काढून खळ्यावर पाय ठेवायचा, आणि सारवलेल्या जमिनीचा गारवा थेट पोटरीपर्यंत यायचा. मी पण चार पेंढ्या झोडल्या, आणि नंतर दिवसभर खांदा धरून बसलो. ताई मात्र कोणाच्या तरी नातवाचा कान बघत होती, कोणाच्या पायातला काटा काढत होती. मधूनच गाडीच्या काळ्या पाइपमधून बायकांना कोमट पाणी देत होती. मुंबईच्या मोठ्या इस्पितळातली मोठी बाईही एवढ्या ऐटीत फिरत नसेल.

तिसऱ्या दिवशी पाड्यात नवं होतं. नवा तांदूळ पिकला तरी तो आधी देवाला आणि घरातल्या गेलेल्यांना दाखवायचा, तोवर कोणी तोंडाला लावायचा नाही, अशी इथली रीत. त्या दिवशी प्रत्येक घरात नवा भात रांधतात आणि एकमेकांकडे जाऊन खातात. ताई आदल्या संध्याकाळपासून आम्हाला दटावत होती. "सकाळी काही खाऊ नका. इथे नोकरीत होते तेव्हा नव्याला घराघरातून बोलावणं यायचं मला. नाही म्हटलेलं चालत नाही. पोट फुटेल उद्या."

म्हणून सकाळी आम्ही नुसता चहा घेतला. ताईने ठेवणीतली साडी नेसली. छताखाली तिघं बसलो.

एकेका घरातून धूर वर आला. नव्या भाताचा वास काय असतो ते रिकाम्या पोटी कळतं. गोड, दुधाळ, थोडा मातीचा. बायका पाण्याला गेल्या, आमच्याकडे बघून हसल्या आणि परत गेल्या. एकदोघी थांबून आमच्या छताखाली वाकून बघून गेल्या. बोलावलं कोणीच नाही. ऊन डोक्यावर आलं. लखमीच्या घरातून माणसांचा आवाज येत होता, तिकडूनही कोणी आलं नाही.

"विसरले असतील," सुनंदा म्हणाली.

"अख्ख्या पाड्याची बाळंतपणं केलीस तू," माझा भुकेने ताबा सुटला, "आणि एका ताटाला—"

"गप्प बस."

ताई समोरच्या शेताकडे बघत होती. तिचा चेहरा मी आयुष्यभर बघत आलोय, आमचे वडील गेले तेव्हाही पाहिलाय, पण तिला इतकं एकटं कधी पाहिलं नव्हतं. ती हळू आवाजात म्हणाली, "पूर्वी रिकाम्या हाताने यायचे तेव्हा सगळे बोलवायचे. ही गाडी घेऊन आले म्हणून परकी झाले का रे मी?"

आम्ही सगळ्यांनी जिला वेडेपणा म्हटलं ती गाडी तिने जिद्दीने उभी केली होती, आणि होती नव्हती ती माणसंही तिच्यापायी गेली की काय, असं मलाही वाटायला लागलं.

तेवढ्यात बांधावरून लखमी आली. हातात सूप, त्यावर सागाचं पान झाकलेलं. चेहऱ्यावर चक्क राग.

"नर्सबाय, तुझी चूल थंड कशी? आमी कवाधरनं वाट बघतोय. पोरं भुकेजली माझी."

ताईने एकदा त्या तीन दगडांकडे बघितलं. "मला कोणी बोलावलंच नाही, लखमी."

"तुला कशी बोलावू?" लखमीने सूप खाली ठेवलं. "नव्याला घरवालीला कोण बोलावतंय? तिच्या घरचं देव उपाशी ठेवायचं का? आधी क्वार्टरात होतीस, तवा तुला घर नव्हतं, म्हणून बोलवत होतो. आता पडवी हाय, भुईवर चूल हाय. ज्याचं घर त्याची चूल आधी. तू रांध, आमी येतो. मंग तू आमच्याकडं ये. हे बघ, तुझ्याकडं शेत नाय म्हणून तांदूळ सगळ्या घरांतनं थोडं थोडं आणलंय." तिने पान उचललं. सुपात नवा तांदूळ होता.

सकाळपासून बायका वाकून का बघत होत्या, ते मला आत्ता कळलं. त्या आमच्या चुलीत जाळ दिसतो का ते बघत होत्या.

ताईने डोळे पुसले आणि ताडकन उठली. मला लाकडं आणायला पिटाळलं, सुनंदाला पाणी काढायला लावलं. ओल्या काटक्यांनी धूर केला, ताईने फुंकून फुंकून जाळ केला. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं हे गडबडीत ती विसरली आणि भात गिजगा झाला. लखमी भांड्यात डोकावून म्हणाली, "नर्सबाय, ही पेज झाली." पण असं म्हणत तीच पान घेऊन पहिली बसली.

जान्याबाबाने आधी छताच्या कडेला एक पान मांडायला लावलं. ताईने त्यावर भात वाढला आणि आमच्या आई-बाबांची नावं घेतली. मीही लगबगीने पुढे जाऊन हात जोडायला लागलो, शेवटी मुलगा मी. जान्याबाबाने काठी आडवी धरली. "तू तुझ्या घरी कर. हे हिचं घर हाय. तू पाहुणा, मागं बस." मी निमूटपणे मागे बसलो. सुनंदा पदरात तोंड लपवून हसत होती.

मग माणसं येतच राहिली. घासापुरता भात, वर उडदाचं वरण, काकडीची फोड. ताई वाकून वाकून वाढत होती, "अजून घे, लाजतोस काय," म्हणत होती. आमच्याकडे ती नेहमी सगळ्यांच्या शेवटी जेवते. आपल्यामुळे कोणाला कमी पडू नये, हा त्यातला भाव मला माहीत होता. त्या दिवशीही ती शेवटीच जेवली, पण ती घरवाली म्हणून. भात तळाला लागलेला, तोही तिने मिटक्या मारत खाल्ला. त्या वेळी तिच्याइतकी देखणी बाई मी जगात पाहिलेली नव्हती.

ती तिथे आणखी काही दिवस राहणार होती. आम्हाला मात्र परतायचं होतं, कासापर्यंत जाणारी जीप ओहळापलीकडे येऊन थांबली होती. उन्हं कलली होती. मी पिशवी उचलली, ताई छताच्या कडेपर्यंत आम्हाला पोचवायला आली. निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, हे आईने आम्हा दोघांनाही लहानपणी शिकवलेलं. पण इतकी वर्षं ते म्हणायची पाळी तिच्यावरच यायची, रजा संपवून ती माझ्या उंबऱ्यावरून निघायची तेव्हा. माझ्यावर ती कधी आलीच नव्हती.

"येतो गं ताई," मी म्हटलं.

"या," ती म्हणाली. "दोघंही या."